नव्या कव्हरची गादी

६ मार्च

प्रिय ताई,

फोन केला की तुझ्या सासूबाई स्पीकर लावून शेजारी बसतात, म्हणून पत्रच लिहिते. पत्रात निदान मधेच कुणी 'काय म्हणतेय ती?' असं विचारत नाही.

खोली उघडली! गृहसंकुलाच्या ऑफिसात नोकरीला लागल्यापासून मी जिच्या मागे लागले होते, ती. तळमजल्यावर मोडक्या सायकली ठेवायची एक खोली होती. ती झाडली, भिंती रंगवल्या, दोन मांडण्या लावल्या. ज्याला जे नको असेल ते त्याने इथे आणून ठेवायचं, ज्याला हवं असेल त्याने घेऊन जायचं. पैसे नाहीत, नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही. आणि दार पुढच्या रस्त्यावर उघडणारं. या दारासाठी मी कमिटीशी भांडले. तुला आठवत असेल, आई ज्या घरांत भांडी घासायची तिथे मागच्या दाराने पिशवी मिळायची आणि वर एक वाक्य, 'तुझ्या मुलींना होईल.' कधी झालं नाही. तुला सैल, मला घट्ट. तरी आपण घालायचो आणि वर्गात कुणीतरी म्हणायचं, हा माझा फ्रॉक आहे.

माझ्या खोलीत तसं होणार नाही.

अध्यक्षबाईंची अट एकच. एप्रिलच्या वार्षिक सभेपर्यंत चालवून दाखव. सभेने हो म्हटलं तर खोली कायमची, नाही तर सायकली परत. म्हणजे माझी परीक्षाच. पदवीची परीक्षा सोपी होती. तिथे निदान दुसऱ्याचे केस साफ करावे लागले नाहीत.

हो, केस. पहिल्याच दिवशी एक कंगवा आला, केसांसकट. मग एकाच पायाची चप्पल. चार गोळ्या उरलेलं औषधाचं पाकीट. अर्धी झिजलेली लिपस्टिक, तिच्या टोकावर ओठांची घडी तशीच. पेल्यात ठेवलेली दातांची कवळी, पेल्याच्या तळाशी हिरवट थर. आतले कपडे, ताई! धुतलेले म्हणावेत तर डाग, न धुतलेले म्हणावेत तर घड्या. मी चिमट्याने उचलून पिशवीत भरत होते, तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "मॅडम, कचऱ्याची गाडी रोज दारात येते. तरी लोक हे इथपर्यंत घेऊन येतात. गाडीत टाकलं तर कचरा, इथे ठेवलं तर पुण्य!" मी हसले, मग बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

पण सगळंच तसं नाही. अध्यक्षबाईंनी स्वतः एक जाड गादी दिली आहे. पाहुण्यांच्या खोलीतली, क्वचितच वापरलेली, वर कोरं करकरीत कव्हर. तुझ्या सासूबाई पडल्यापासून दिवसभर पाठ टेकून असतात, त्यांना ती पातळ चटई टोचते असं तू लिहिलं होतंस. मी बाईंना विचारलं, माझ्या बहिणीला नेलेली चालेल का? त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या बहिणीलाच जाऊ दे. माझ्याही जिवाला बरं वाटेल." तुमच्या गावाला जाणारा टेम्पोवाला ओळखीचा आहे. नाही म्हणू नकोस. ही पिशवी मागच्या दाराची नाही.

आई अजून एकदाही खोलीत आलेली नाही. म्हणते, "माझं घेऊन झालंय."

तुझी,
धाकटी


१५ मार्च

धाकटे,

गादी पोचली. टेम्पोवाल्याने ती दारात टाकली आणि भर गल्लीत आरोळी ठोकली, "बहिणीकडून फुकट गादी!" आता मला वेगळं कुणाला सांगायला नको.

सासूबाईंचं ठाऊकच आहे तुला. म्हणाल्या, "माहेरून एकदाचं काहीतरी आलं. तेही दुसऱ्याच्या घरचं." मग म्हणाल्या, "कुणाच्या अंगाखालची आहे ते विचारलंस का?" मी म्हटलं, "धर्माची गाय, दात कशाला मोजायचे?" तर म्हणतात, "दात मोजावेत. निदान चावणारी आहे का ते कळतं." पण खाटेवर अंथरून दिल्यावर आडव्या झाल्या आणि बोलणंच थांबलं. अर्ध्या तासाने हळूच म्हणाल्या, "बरी आहे." हे त्यांच्या तोंडून म्हणजे सोन्याचं पदक समज. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्या माहेरच्या कशालाही त्या 'बरं' म्हणाल्या नव्हत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले.

गादी आत घ्यायला शेजारची इस्त्रीवाली आली होती. नवरा-बायको दोघं घरीच कपडे इस्त्री करतात, अख्ख्या गल्लीची बोचकी त्यांच्याकडे. तिचे दिवस भरत आलेत, मी नको नको म्हणत होते तरी एक टोक धरलंन. कव्हरवरून हात फिरवत म्हणाली, "केवढी मऊ! यावर झोपलं तर उठावंसंच वाटायचं नाही."

सासूबाईंच्या दंडावर लालसर गांधी उठल्यात. उन्हाळा लागलाय, घामोळ्या असतील.

तू ते कंगवे-कवळ्या हाताळताना काहीतरी घालत जा हातात. कॉलेजात शिकवलं नाही का?

ताई


२१ मार्च

प्रिय ताई,

सासूबाई 'बरी आहे' म्हणाल्या हे मी आईला दोनदा वाचून दाखवलं. घामोळ्यांना पावडर लाव.

मी आता हातमोजे घालते. पण हातमोज्यांनी हात वाचतात, डोळे नाही. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई तणतणत आल्या. दहा-बारा दिवसांपूर्वी दिलेले त्यांचे पडदे त्यांना त्यांच्याच कामवालीच्या खिडकीत दिसले होते. "मी काय तिच्यासाठी दिले होते?" मी विचारलं, "मग कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "म्हणजे... गरजूंसाठी. पण ओळखीतल्या नकोत." शोभत नाहीत म्हणे तिच्या खिडकीला. ताई, पडदे फाटलेले होते. त्या मुलीने रफू करून घेतले, रफू केल्यावर चांगले दिसले, हेच त्यांना खुपलं.

घेणाऱ्यांचंही लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील मी एकाच बाजूने बघते. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या बायको खोली उघडायच्या आधीच वॉचमनकडून किल्ली घेतात. सीलबंद डबे, पेटीतले कप, एवढंच वेचून नेतात. अडला-नडला कुणी येईपर्यंत मांडणीवर केसाळ कंगवाच उरतो. आणि एक गृहस्थ सगळी खेळणी एका पोत्यात भरून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यातलं लाकडी घोडं कोपऱ्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात टांगलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "फुकट आहे ना? मग तुमचं काय जातं?" फुकट ते पौष्टिक!

मला किळस येते, ताई. वस्तूंची येते ती धुऊन जाते. माणसांची येते ती घरापर्यंत सोबत येते. जेवताना समोरच्या ताटात ती कवळी दिसते.

पण सभा जवळ आली आहे. अध्यक्षबाई म्हणतात, लोकांना एखादी हृदयाला भिडणारी गोष्ट सांग, आकडे नकोत. तुमच्या गादीची सांगू का? तू हो म्हटलंस तरच.

धाकटी


३० मार्च

धाकटे,

गादीची गोष्ट सांगू नकोस. गादी आता आमच्याकडे नाही.

सासूबाईंना मऊ अंथरूण सोसेना. पाठ जास्तच धरायला लागली. म्हणून इस्त्रीवालीला दिली. तिला मुलगी झाली, दोघी मायलेकी फरशीवर निजत होत्या. गादी बघून ती माझ्या पायाच पडायला निघाली. मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "अगं, पाया कसल्या पडतेस." नवरा पाठीवर टाकून घेऊन गेला.

आमच्याकडे साफसफाई काढली आहे. खाट उन्हात, सगळे कपडे उकळत्या पाण्यात, कपाटं रिकामी. हात सोलवटून निघालेत, म्हणून पत्र छोटं.

सहजच विचारते, तुमच्या अध्यक्षबाईंच्या त्या पाहुण्यांच्या खोलीत कोण झोपायचं? आणि त्या गादीला कव्हर कुणी घातलं? काही विशेष नाही. कव्हर छान होतं म्हणून विचारलं.

ताई


४ एप्रिल

माझी ताई,

तुझं पत्र मी ऑफिसातच फोडलं आणि वाचून टेबलावर डोकं ठेवून रडले. वॉचमन घाबरून पाणी घेऊन आला.

अगं, तू लिहितेस 'गोष्ट सांगू नकोस', आणि हीच तर गोष्ट आहे! बाईंनी मला दिली, मी तुला दिली, तुला सोसली नाही तर तू ती टाकली नाहीस, विकली नाहीस, शेजारच्या बाळंतिणीच्या पाठीखाली घातलीस. कुणी उपकार केले नाहीत, कुणी मागच्या दारात उभं राहिलं नाही. मी इथे कंगवे उपसत बसले आणि माझी खोली तू तुझ्या अंगणात उघडून मोकळी झालीस. या आठवड्यात मला माणसांची इतकी शिसारी आली होती की सभेलाच जाऊ नये असं वाटत होतं. आता जाणार. तुझं नाव घेणार नाही, 'माझी बहीण' एवढंच म्हणेन. भाषण लिहून झालंय. शेवटचं वाक्य इस्त्रीवालीच्या मुलीवर आहे.

तुझ्या प्रश्नांचं उत्तर: पाहुण्यांच्या खोलीत बाईंचा भाचा राहून गेला, कुठल्याशा वसतिगृहातून आला होता. कव्हर बाईंनीच घातलं असणार. त्या शिवणकाम उत्तम करतात. सध्या ती खोली बंद आहे. मागे त्यांच्याकडे तोंडाला फडकं बांधून फवारणीवाले दोनदा येऊन गेले, जिन्यात अजून औषधाचा वास आहे. झुरळं झाली असतील. एवढ्या मोठ्या घरातही होतात म्हणायची!

सभा तेरा तारखेला आहे. आशीर्वाद दे.

धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

हे पत्र सभेच्या आधी पोचू दे एवढंच मागणं आहे.

झुरळं नव्हेत ती. ढेकूण. त्या भाच्याने आणले, तुझ्या बाईंनी नव्या कव्हरात भरले, तू टेम्पोत घातलेस आणि ते माझ्या घरी उतरले.

मला हे शिकल्या-सवरल्या भाषेत सांगता येणार नाही. सासूबाईंचे दंड, मान, पाठ, सगळीकडे गांध्यांच्या रांगा. मी पावडर लावत बसले! मग एका सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसले. कव्हर काढायला गेले तर चेन सरकेना. बघते तर चेनवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्याचे टाके घातलेले. कुणी उघडू नये म्हणून. मी ते उसवले. आतल्या गादीच्या शिवणीत मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके, पांढरी अंडी, सालपटं, आणि त्यात ते, सुस्त, फुगलेले, सासूबाईंचं रक्त पिऊन. एक चिरडला तर तो वास. हात तीनदा धुतला, तरी त्या दिवशी घास तोंडापाशी नेता आला नाही. तोपर्यंत ते खाटेत शिरले होते, भिंतीच्या फटीत, मुलांच्या दप्तरात.

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरचं दान माझं रक्त पितंय. ही आज घराबाहेर गेली पाहिजे, नाही तर तू जा." कचरागाडीवाला गादी घेत नाही. ओढ्यात टाकावी तर चार जण बघणार, विचारणार का टाकली. आणि आमच्या घरात ढेकूण झाले हे गल्लीला कळलं तर संपलंच. तेवढ्यात इस्त्रीवालीचा नवरा दारावरून गेला.

आता पुढचं वाच, आणि मग भाषण कर. मी ती चेन परत शिवली. उसवलेल्याच भोकांतून, बारीक, एकसारखे टाके घातले. तुझ्या बाईंपेक्षा सुबक. दोरा दातांनी तोडला. मग तिला हाक मारली आणि म्हटलं, "बाळासाठी घेऊन जा, चांगली आहे."

मला ठाऊक होतं, धाकटे. फेकायची लाज वाटली. द्यायची नाही वाटली.

काल तिची मुलगी पाहिली. गालावर तीन गांध्या, एका रेषेत. इस्त्रीवाली म्हणते, काय उठलंय कळत नाही. तिच्या घरात भिंतीला लावून बोचकी रचलेली, साऱ्या गल्लीचे कपडे. एका जरी गिऱ्हाइकाच्या शर्टातून ढेकूण निघाला, तर उद्यापासून तिच्याकडे कुणी रुमालसुद्धा टाकणार नाही. त्यांचं पोट त्या इस्त्रीवर आहे. मी रोज तोंड उघडायला जाते आणि 'कशी आहेस' विचारून परत येते.

तूही ते कव्हर उघडून पाहिलं नाहीस. पण तुला निदान माहीत नव्हतं.

ताई


१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल सकाळी मिळालं, सभेच्या आधी. प्रिय लिहावंसं वाटत नाही, म्हणून लिहिलं नाही.

भाषण मी फाडलं. सभागृहात जाऊन बसले. पुढच्या रांगेत अध्यक्षबाई, मांडीवर पर्स. टेबलावर खोलीतल्या निवडक वस्तू मांडल्या होत्या, आणि मध्यभागी दोन उशा. बाईंनी ऐनवेळी आणलेल्या, 'उशाही जाऊ देत कुणाला तरी'. नवे अभ्रे. मी एक हातात घेऊन पाहिली. चेनवर टाके.

मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, "आजपासून खोलीचा एक नियम मी सुचवते. देणाऱ्याने वस्तू देण्याआधी सगळ्यांसमोर एकदा वापरायची. पेला दिला तर त्यातून पाणी प्यायचं. कंगवा दिला तर केसांतून फिरवायचा." लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "आणि कवळी?" अजून हसले. मी उशी उचलून बाईंपुढे धरली. "बाई, सुरुवात तुमच्यापासून. जरा डोकं टेका."

"चेष्टा पुरे," त्या म्हणाल्या.

"चेष्टा नाही. ही चेन शिवलेली का आहे?"

"मळू नये म्हणून."

"मग टेका ना. फक्त गाल लावा."

मी उशी जवळ नेली. त्या खुर्चीसकट मागे सरकल्या, ताई. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. हसू थांबलं. त्या उशीकडे अशा बघत होत्या की मला वेगळं काही सिद्ध करावं लागलं नाही. आणि मग त्यांच्या तोंडून निघालं, "मी कशाला? ते त्यांच्यासाठी आहे!"

सगळ्यांनी ऐकलं. मला वाटलं आता कुणीतरी उठेल, काहीतरी बोलेल. खजिनदारांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "पुढचा विषय, लिफ्टची दुरुस्ती." डॉक्टरांच्या बायकोने टेबलाजवळून जाताना आपण दिलेला पेला हळूच पर्समध्ये टाकला. मग एकेक जण आपापली वस्तू उचलून नेऊ लागला, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने. सभा संपली तेव्हा टेबलावर नुसत्या दोन उशा होत्या. खोलीवर मतदान घ्यायची गरजच पडली नाही. आज सकाळी सायकली परत आल्या. मला महिनाअखेरपर्यंत 'दुसरीकडे बघ' असं सांगितलंय. बाई जिन्यात भेटल्या तर गोड हसून म्हणाल्या, "अगं, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

मला वाटलं होतं, बाईंना उघडं पाडलं की मोकळं वाटेल. घरी येऊन तुझं पत्र परत काढलं. 'बारीक, एकसारखे.' बाईंना तुझ्या सासूबाईंचा चेहरा माहीत नव्हता. तू त्या बाळाला मांडीवर घेतलं आहेस. मला बाईंची जेवढी किळस आली त्याहून तुझी जास्त आली, आणि हे लिहिताना माझा हात थांबत नाही याचं मला वाईट वाटतंय. तू दहावीनंतर शिक्षण सोडलंस म्हणून मी पदवीपर्यंत पोचले. तुझ्याविषयी असं वाटायला नको होतं.

इस्त्रीवालीला सांग. सगळं सांग, टाक्यांसकट. तोपर्यंत मला लिहू नकोस.

धाकटी


२९ एप्रिल

धाकटे,

सांगितलं. म्हणून लिहिते आहे.

सकाळी गेले. ती बाळाला पाजत होती, नवरा इस्त्री फिरवत होता. मी उभ्यानेच बोलले. गादीत ढेकूण होते, मला दिसले होते, चेन मी शिवली. तिने पहिलं काय विचारलं माहीत आहे? "म्हणजे गादीतून आले?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी सासूची गोधडी जाळली." ढेकूण तिला आठवड्यापूर्वीच दिसले होते. तिला वाटलं, म्हातारीच्या जुन्या गोधडीतून आले. म्हातारीची ती एकच गोधडी, लेकी-सुनांच्या कपड्यांची शिवलेली. म्हातारी रडत होती, तरी हिने हिसकावून जाळली. गादीवर तिला संशयच आला नाही. "तुमच्या घरची, एवढी चांगली, म्हणून."

मग ती उठली. काय काय बोलली ते लिहीत नाही. गल्ली जमली. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "फुकट दिलं तर वर तोंड करते!" मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." त्या गप्प बसल्या. अजून बसल्यात, माझ्याशी बोलत नाहीत.

इस्त्रीवाली म्हणाली, "मला पाया पडायला लावलंत ना? आता माझ्या गिऱ्हाइकांकडे तुम्ही जा. एकेकाच्या दारात उभं राहून सांगा, कुणाच्या घरचे ढेकूण आहेत ते."

गेले. तिची बोचकी माझ्या डोक्यावर, ज्याचे कपडे त्याच्या दारात. "हे परत उकळून घ्या. ढेकूण आमच्याकडून गेलेत, इस्त्रीवालीकडचे नाहीत." प्रत्येक दारात तेवढंच. एकीने कपडे काठीने ओढून घेतले. एक म्हणाली, "तुमच्यासारख्यांच्या घरात?" एकीने मी पायरी उतरायच्या आत त्या पायरीवर बादली ओतली, पाणी माझ्या टाचांवर उडालं. मुलांना शेजारी आता खेळायला घेत नाहीत. तुझे भावोजी म्हणाले, "सांगायची काय गरज होती? औषध आणून गुपचूप दिलं असतं." फवारणीवाला दोन्ही घरांत एकाच दिवशी येऊन गेला. गादी मी भर दुपारी डोक्यावर घेऊन ओढ्याकाठी नेली आणि जाळली. तिची तीन-चार गिऱ्हाइकं तरीही तुटली. बाकीची टिकली.

म्हातारीसाठी मी गोधडी शिवली, नव्या कापडाची, जुन्याची एक चिंधी नाही. इस्त्रीवालीने दारातूनच परत पाठवली. "आमच्याकडे आहे," म्हणाली. नाही आहे. चूक तिची नाही. माझ्या हातचे टाके ती कशाला अंगावर घेईल?

तू विचारशील, आता हलकं वाटतं का. नाही वाटत. मला माझी किळस येते, सकाळी उठल्यापासून. पण ती आता माझ्याच घरात आहे, शेजारी नेऊन टाकलेली नाही. तुझ्या खोलीचं वाईट वाटलं. दुसरी नोकरी मिळाली की कळव. आईला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मला विचारशील तर सगळं.

हे पत्र अंगणात उन्हात बसून लिहिलंय. कागद नवा, पाकीट नवं, दोन्ही झटकून घेतलीत. फवारणीवाला म्हणाला की एकाच फवारणीत सगळे मरत नाहीत, तो परत येणार आहे. म्हणून वर पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तरी इथेही सांगते: घराबाहेर उघड, वाच आणि जाळून टाक.

ताई